अपस्मार असलेल्या प्रौढांची आजाराबद्दलची भीती मोजायची कशी? (प्रश्नावल्या, वेळ, भाषा, गुणांकन)

मंजिरी_ओपीडी

नमस्कार. अपस्माराच्या ओपीडीत फिट किती आल्या, गोळ्या चुकल्या का, झोप होते का, एवढं दर खेपेला विचारलं जातं. भीतीचा प्रश्न मात्र केसपेपरवर नसतो. २०१७ मध्ये 'एपिलेप्सिया' या नियतकालिकात अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात अपस्मार असलेल्या २०.२ टक्के लोकांमध्ये चिंताविकार आणि २२.९ टक्क्यांमध्ये नैराश्यविकार आढळले. विकाराच्या व्याख्येत न बसणारी, पण माणसाला एकट्याने बसमध्ये चढू न देणारी भीती या आकड्यांत धरलेलीच नाही.

समजा, सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत १८ वर्षांवरच्या रुग्णांसाठी भीतीची नियमित मोजणी सुरू करायची आहे. रुग्णामागे १० ते १२ मिनिटं मिळतील. विचारायला एक समाजसेवा अधीक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ असेल. बऱ्याच रुग्णांना स्वतः वाचून फॉर्म भरता येणार नाही. अशा ठिकाणी कोणती प्रश्नावली घ्यावी, ती कधी द्यावी आणि आकडा आल्यावर पुढे काय करावं? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

मनोमापन

प्रश्नावली निवडण्याच्या आधी कोणती भीती मोजायची आहे ते ठरवा. अपस्मारात भीती किमान चार वेळांना येते आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असतं.

काहींना फिट येण्याच्या काही तास, क्वचित दिवसभर आधी बेचैनी, चिडचिड सुरू होते. काहींची फिटच भीतीची असते, म्हणजे मेंदूच्या टेम्पोरल भागात (कानाजवळच्या बाजूला), भीतीशी संबंधित अमिग्डाला या छोट्या भागाच्या आसपास विद्युत लहर उठते आणि कारणाशिवाय जीव घाबरा होतो. फिटनंतरच्या पहिल्या तीन दिवसांतली चिंता तिसरी. २००४ मध्ये शिकागोत औषधांना दाद न देणाऱ्या १०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ४५ जणांना फिटनंतरच्या ७२ तासांत चिंतेची लक्षणं नेहमी येत असल्याचं दिसलं, आणि ती साधारण २४ तास टिकत. चौथी भीती दोन फिटांच्या मधल्या काळातली, माणसाला आपल्या आजाराबद्दल वाटणारी. तुम्हाला मोजायची आहे ती ही चौथी. पहिल्या तिन्ही तिच्यात मिसळल्या तर आकडा फुगतो आणि उपचार चुकीच्या दिशेला जातो.

म्हणून फॉर्मच्या अगदी वर दोन रकाने ठेवा: शेवटची फिट कधी (तारीख आणि वेळ), आणि गेल्या चार आठवड्यांत औषध किंवा डोस बदलला का. शेवटच्या फिटला ७२ तास झाले नसतील तर प्रश्नावली पुढच्या भेटीवर ढकला. ढकलता येत नसेल तर भरून घ्या, पण वर तशी खूण करा.

ईईजी_खोली

मनोमापन यांच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडं. भीतीची फिट आणि पॅनिक अटॅक यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते, आणि ही गल्लत कुठलीही प्रश्नावली सोडवत नाही. विचारायचे मुद्दे असे.

किती वेळ टिकते? फिटमधली भीती बहुधा अर्ध्या ते दोन मिनिटांत संपते. पॅनिक काही मिनिटांत शिगेला जातो आणि पुढे १०-२० मिनिटं, कधी त्याहून जास्त रेंगाळतो. दर वेळी अगदी तशीच येते का? फिट ठरावीक साच्यात येते: पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, मग भीती, मग ओठ चाटणं किंवा हाताने कपडे चाचपणं. पॅनिकमध्ये प्रसंगानुसार फरक पडतो. नंतर काही वेळ नाव-गाव सांगता येत नाही, बोलायला शब्द सुचत नाहीत, असं होतं का? झोपेतून उठून दोन्ही होऊ शकतात, त्यामुळे त्या एका मुद्द्यावर निकाल लावू नका.

घरच्यांना मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, आणि फिट थांबल्यावरही दोन मिनिटं चित्रण चालू राहिलं पाहिजे, कारण नंतरचा गोंधळ तिथेच कळतो. मध्येच रुग्णाला नाव विचारा, एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगा. डोक्यावरून घेतलेला साधा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला म्हणून भीतीची फिट नाही असं ठरत नाही. खोल भागातली छोटी लहर वरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचतच नाही. शंका राहिली तर व्हिडिओ-ईईजी, म्हणजे चित्रण आणि ईईजी एकाच वेळी.

निवासी_डॉक्टर

उपयुक्त चर्चा. एक शंका: हॅड्स (चिंता आणि नैराश्य दोन्ही मोजणारी) सगळीकडे वापरतात, जीएडी-७ (सर्वसाधारण चिंतेची) फुकट आहे, बेकचीही चिंतेची प्रश्नावली आहे. मग अपस्मारासाठी वेगळं काही कशाला हवं? आणि आजाराबद्दलचीच भीती मोजायची असेल तर हेल्थ अँग्झायटीच्या, म्हणजे तब्येतीबद्दलच्या अतिरेकी चिंतेच्या, प्रश्नावल्या आहेतच की.

मनोमापन

एकेक घेऊ, कारण इथेच बहुतेक प्रकल्प फसतात.

जीएडी-७: सात प्रश्न, गेले दोन आठवडे, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २१. ५, १० आणि १५ हे सौम्य, मध्यम आणि तीव्र चिंतेचे नेहमीचे उंबरठे. अपस्माराच्या रुग्णांवर तपासलं तेव्हा १० हा उंबरठा उंच पडतो असं दिसलं आणि ६ ते ८ च्या आसपासचा सुचवला गेला. चाळणी म्हणून चांगली आहे. पण तिचा सहावा प्रश्न चिडचिडीचा आहे, आणि लेव्हेटिरासिटॅम हे अपस्माराचं औषध घेणाऱ्या माणसाला तिथे ३ गुण औषधामुळेही मिळू शकतात. सातवा प्रश्न 'काहीतरी भयंकर घडेल अशी भीती' असा आहे. त्यावर रुग्ण फिटचाच विचार करून उत्तर देतो, पण ते 'फिट' होतं की आणखी काही, हे आकड्यात दिसत नाही.

हॅड्स: १९८३ ची, १४ प्रश्न, त्यातले ७ चिंतेचे, ० ते २१. ८ ते १० ला चिंताविकाराची शक्यता, ११ किंवा जास्त असेल तर दाट शक्यता. तिच्यातला एक प्रश्न पोटात फुलपाखरं उडाल्यासारख्या भीतीबद्दल आहे. मेसियल टेम्पोरल अपस्मारात (टेम्पोरल भागाच्या आतल्या बाजूने सुरू होणाऱ्या) पोटातून वर चढणारी संवेदना हा फिटच्या सुरुवातीचा सगळ्यात ओळखीचा भाग. म्हणजे फिटच्या लक्षणाला चिंतेचे गुण मिळतात. शिवाय हॅड्स वापरायला परवाना लागतो.

बेकची चिंता प्रश्नावली (२१ प्रश्न, ० ते ६३) अपस्मारात मी टाळायला सांगेन. गरगरणं, तोल जाणं, हात थरथरणं, मुंग्या येणं, असे शारीरिक प्रश्न तिच्यात फार आहेत. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन जास्त झालं की तोल जातो, व्हॅल्प्रोएटने हात थरथरतात, टोपिरामेटने मुंग्या येतात. तुम्ही चिंता मोजताय की औषधांचे दुष्परिणाम, ते कळत नाही.

हेल्थ अँग्झायटीच्या प्रश्नावल्यांचा मुळातला प्रश्न 'आपल्याला गंभीर आजार आहे असं वाटतं का' असा असतो. ज्याला आजार खरोखरच आहे त्याने 'हो' म्हटलं तर त्यात अतिरेकी काय? शरीरातल्या बदलांकडे सतत लक्ष असणं हेही तिथे गुण वाढवतं. पण फिटची चाहूल ओळखून खाली बसणं हे आपणच रुग्णाला शिकवतो.

मंजिरी_ओपीडी

मग आजाराशी जोडलेलीच भीती पकडणारं साधन कोणतं?

मनोमापन

तीन पर्याय सांगतो.

पहिला, अपस्मारासाठीच बेतलेली चिंता प्रश्नावली 'ईझी'. ऑस्ट्रेलियात तयार झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठी १८ प्रश्नांची, छोटी ८ प्रश्नांची. अपस्मारात येणाऱ्या खास काळज्या लक्षात घेऊन प्रश्न रचलेले आहेत. ओपीडीत छोटी पुरते.

दुसरा, क्वॉली-३१ या जीवनमानाच्या प्रश्नावलीतला 'फिटची काळजी' हा भाग. ३१ पैकी फक्त ५ प्रश्न आणि त्यामुळे फार सोयीचा. पुन्हा फिट येण्याची काळजी, फिटमध्ये लागण्याची काळजी, चारचौघांत फिट येऊन लाज वाटण्याची काळजी, हे सगळं त्यात येतं. दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. याचे गुण ० ते १०० मध्ये बदलून घेतात आणि जास्त गुण म्हणजे कमी काळजी. जीएडीच्या उलटी दिशा. एकाच एक्सेल शीटमध्ये दोन्ही टाकले आणि दिशा लक्षात घेतली नाही की भीती वाढलेल्या रुग्णापुढे 'सुधारणा' लिहिली जाते. दुसरं, 'औषधं वर्षानुवर्षं घेतली तर अपाय होईल का' ही काळजी या भागात नाही, ती औषधांच्या परिणामांच्या भागात आहे. ती हवी असेल तर तो प्रश्न वेगळा विचारा.

आणि क्वॉलीचा एकूण गुण भीतीसाठी वापरू नका. एकूण गुणात फिटच्या काळजीचं वजन अवघं ०.०८ आहे, आकलनाचं ०.२७, सामाजिक वावराचं ०.२१. भीतीचा गुण १० ने सुधारला तरी एकूण आकडा ०.८ ने हलतो.

तिसरा पर्याय आजार वाढण्याच्या भीतीची प्रश्नावली. जर्मनीत २००५ मध्ये कर्करोग, मधुमेह आणि संधिवाताच्या रुग्णांसाठी ४३ प्रश्नांची केली गेली, मग १२ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. 'कधीच नाही' ते 'फार वेळा' असे १ ते ५ गुण, एकूण १२ ते ६०. तपासणीच्या आधीची धाकधूक, काम सुटण्याची भीती, दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची भीती, औषधांनी शरीर खराब होण्याची भीती, मुलांना हा आजार होईल का ही भीती, आपल्यामागे घरच्यांचं काय होईल ही भीती. अपस्माराच्या माणसाच्या मनातलं बरंच काही त्यात आहे. वेदनेचा प्रश्न अपस्मारात फारसा लागू पडत नाही. पण तो परस्पर गाळू नका. एक प्रश्न गाळला की ६० पैकी आकड्याची बाहेरच्या कुठल्याच आकड्याशी तुलना करता येत नाही.

१० मिनिटांसाठी माझी जोडी: जीएडी-७ आणि क्वॉलीमधले फिटच्या काळजीचे ५ प्रश्न. पहिली सर्वसाधारण चिंता सांगते, दुसरी आजाराशी जोडलेली. दोन्ही वाढलेल्या, एकच वाढलेली, असे जे प्रकार पडतात त्यावर पुढचं अवलंबून आहे. जीएडी कमी आणि फिटची काळजी जास्त असलेले रुग्ण नेहमीच्या चाळणीतून निसटतात. या सगळ्या खटाटोपाचं कारण तेच लोक आहेत.

समाजसेवा_विभाग

यात एक भर घालते. भीतीचा आकडा आणि भीतीचा परिणाम वेगळे विचारावे लागतात. महिन्याला दोन मोठ्या फिट येणाऱ्या माणसाला विहिरीत पोहायची भीती वाटत असेल तर ती शहाणी भीती आहे, ती कमी करायचीच नाही. वर्षभर फिट नसलेला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात एकटा जात नसेल, तर प्रश्नावलीत दोघांचे गुण सारखे आले तरी मदत दुसऱ्याला हवी आहे.

म्हणून प्रश्नावलीनंतर टाळण्याबद्दल चार थेट प्रश्न ठेवावेत. गेल्या चार आठवड्यांत फिटच्या भीतीने किती दिवस घराबाहेर जायचं टाळलं? एकटं राहायचं किती वेळा टाळलं? कामावर किंवा कॉलेजला किती दिवस गेला नाहीत? लग्नकार्य, सण, बाजार यांपैकी काय सोडलं? उत्तर दिवसांत घ्या, 'कधी कधी' असं घेऊ नका. मग प्रत्येक टाळण्यापुढे लिहा: डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, घरच्यांनी सांगितलं म्हणून, की स्वतःहून. महाराष्ट्रात मधलं उत्तर फार येतं. तिथे समुपदेशन रुग्णाचं एकट्याचं करून भागत नाही, आईचं किंवा नवऱ्याचंही करावं लागतं.

दुसरी गोष्ट, नातेवाईक. मुलाखतीच्या वेळी त्यांना बाहेर बसवा, आणि हे सगळ्यांनाच लागू आहे असं आधी सांगा म्हणजे कुणी दुखावत नाही. लग्न न झालेल्या मुली आणि नव्याने लग्न झालेल्या बायका सासरच्यांसमोर 'भीती नाही' असंच म्हणतात. काहींच्या सासरी अपस्मार माहीतच नसतो, 'चक्कर येते' एवढंच सांगितलेलं असतं. अशा वेळी फॉर्मवर 'अपस्मार' लिहून तो तिच्या हातात घरी पाठवणं धोक्याचं आहे. फॉर्म विभागातच ठेवा.

बरेच जण अजून समजतात की अपस्मार असेल तर लग्न कायद्याने रद्द होतं. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकलेला आहे. ही माहिती प्रश्नावली संपल्यावर द्यायची, आधी नाही, नाहीतर उत्तरं बदलतात. वाहन परवान्याचं उलट आहे. परवान्याच्या अर्जासोबतच्या आरोग्य घोषणेत अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो, त्यामुळे गाडी चालवणारा रुग्ण फिटांची संख्या आणि भीती दोन्ही कमी सांगतो. उत्तरं परवाना कार्यालयात जाणार नाहीत, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

निवासी_डॉक्टर

वाचून दाखवायची असेल तर मराठी शब्द कोणते वापरायचे? छापील भाषांतरात 'अपस्माराचा झटका' असतं आणि रुग्ण हृदयविकाराबद्दल बोलायला लागतो.

भाषांतर_समिती

आधी मूळ हक्कधारकांकडे अधिकृत मराठी आवृत्ती आहे का ते विचारा. असेल तर तीच घ्या, स्वतः सुधारू नका. नसेल तर रीत ठरलेली आहे: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यायचं, न्यूरॉलॉजिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि एखादा रुग्ण असलेल्या समितीने फरक मिटवायचे, आणि मग प्रत्यक्ष रुग्णांकडून वाक्य वाक्य तपासून घ्यायचं. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडतात. शहरातले, गावातले, शाळा शिकलेले, न शिकलेले असे ५ ते १० जण प्रत्येक गटातून घ्या. 'हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा' आणि 'उत्तर देताना काय डोळ्यांसमोर आलं?' एवढे दोनच प्रश्न विचारा.

शब्दांबद्दल: 'फिट येणं' महाराष्ट्रभर समजतं, तेच ठेवा. 'आकडी'त लहानपणची तापातली आकडी आणि पायात येणारे गोळेही येतात. 'मिरगी' काही भागांत चालतो. मुलाखतीच्या सुरुवातीला रुग्ण स्वतः कोणता शब्द वापरतो ते लिहा आणि पुढे तोंडी तोच वापरा. 'काळजी' हा शब्द प्रश्नात एकटा ठेवू नका. 'फिटची काळजी करता का' याचा अर्थ 'गोळ्या वेळेवर घेता का' असा लागतो आणि प्रामाणिक रुग्ण अभिमानाने 'नेहमी' म्हणतो. 'पुन्हा फिट येईल अशी धास्ती वाटते का' असं विचारलं की गोंधळ होत नाही.

उत्तरांचे पर्याय तोंडी सांगून चालत नाही. तिसऱ्या प्रश्नापर्यंत पर्याय विसरले जातात, त्यात टेम्पोरल अपस्मारात स्मरणाची अडचण असतेच. जाड पुठ्ठ्यावर चार चौकोन छापा: रिकामा, थोडा भरलेला, अर्ध्याहून जास्त भरलेला, पूर्ण भरलेला, प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात शब्द. रुग्णाने बोट ठेवायचं. 'गेले दोन आठवडे' म्हणण्याऐवजी जवळचा सण किंवा बाजाराचा वार पकडून काळ ठरवून द्या.

आकडेमोड

आकड्यांचा अर्थ लावताना होणाऱ्या दोन चुका दाखवतो.

चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे गणितात असं दिसतं. १०० रुग्ण, त्यात २० जणांना खरोखर चिंताविकार. समजा प्रश्नावलीची संवेदनशीलता (विकार असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) ८० टक्के आणि विशिष्टता (विकार नसलेल्यांना सोडून देण्याचं प्रमाण) ८० टक्के आहे. २० पैकी १६ पकडले जातील. उरलेल्या ८० पैकी १६ जणांवर चुकीची खूण लागेल. खूण लागलेले ३२, त्यात खरे १६. म्हणजे खूण लागलेल्या माणसाला विकार असण्याची शक्यता निम्मी. उलट, खूण न लागलेल्या ६८ पैकी ६४ बरोबर, म्हणजे ९४ टक्के. चाळणीचं नकारार्थी उत्तर भरवशाचं, होकारार्थी उत्तर म्हणजे 'मुलाखत घ्या' एवढंच. मुलाखतीसाठी 'मिनी' ही रचनाबद्ध मुलाखत सोयीची.

दुसरी चूक सुधारणेची. १२ ते ६० च्या प्रश्नावलीवर रुग्ण ३८ वरून ३२ वर आला तर सगळे खूश होतात. समजा गटाचं प्रमाणित विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ९ आहे आणि पुनर्चाचणीची विश्वासार्हता (पुन्हा भरून घेतल्यावर गुण किती जुळतात) ०.८५. मोजमापातली चूक = ९ × √(१ − ०.८५) = साधारण ३.५. एका माणसात खरा बदल म्हणण्यासाठी १.९६ × √२ × ३.५ = साधारण ९.७ गुणांचा फरक लागतो. ६ गुण हे त्या माणसापुरतं मोजमापाच्या हेलकाव्यातच येतं. हाच सरासरी फरक १०० जणांच्या गटात दिसला तर मात्र तो खरा असू शकतो.

मराठी आवृत्ती तपासायची असेल तर नमुन्याचा आकार: घटक विश्लेषणाला (कोणते प्रश्न एकत्र गट करतात ते तपासायला) प्रश्नांच्या सातपट आणि किमान १०० रुग्ण. १२ प्रश्नांना ८४ पुरत नाहीत, १०० घ्या. १८ प्रश्नांना १२६. पुनर्चाचणी दोन आठवड्यांनी, पण मधल्या काळात फिट आलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवा, कारण त्यांच्यात बदललेली असते ती भीती, प्रश्नावली नव्हे. क्रॉनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) ०.९५ च्या वर गेला म्हणून आनंद मानू नका. तेच तेच प्रश्न फिरवून विचारल्याची ती खूण असते.

औषधपेटी

मनोमापन यांच्या 'औषध बदललं का' या रकान्यात नेमकं काय लिहायचं ते सांगतो. लेव्हेटिरासिटॅम किंवा पेरॅम्पॅनेल नव्याने सुरू झालं किंवा डोस वाढला असेल तर चिडचिड आणि अस्वस्थता औषधाची असू शकते. क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम कमी करत आणलं असेल तर उसळून येणारी चिंता त्याची. प्रीगाबालिन उलट चिंता दाबतं, ते बंद केलं की खालची वर येते. अशा वेळी आकडा लिहा, पण उपचाराचा निर्णय बदलानंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजून घ्या. आणि जीएडी १६ आली म्हणून लेव्हेटिरासिटॅम परस्पर बंद करू नये. अचानक बंद केल्याने येणाऱ्या लागोपाठच्या फिट त्या चिंतेपेक्षा फार घातक आहेत.

मंजिरी_ओपीडी

नैराश्य आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार? भीती मोजताना ते समोर आले तर?

मनोमापन

येतातच, म्हणून तयारी आधी हवी. अपस्मारासाठीच बनवलेली एनडीडीआय-ई ही सहा प्रश्नांची नैराश्याची चाळणी सोबत ठेवा. प्रत्येकाला १ ते ४, एकूण ६ ते २४, १५ च्या वर गेलं तर मुलाखत. भरायला तीन मिनिटं लागतात. तिचा चौथा प्रश्न 'मेलो तर बरं' या अर्थाचा आहे. त्यावर ३ किंवा ४ उत्तर आलं की एकूण गुण कितीही असो, त्याच दिवशी, रुग्ण इमारतीतून बाहेर पडायच्या आत, डॉक्टरांनी बोललंच पाहिजे. हे कोण करणार आणि तो माणूस रजेवर असेल तर कोण, हे लिहून ठरवल्याशिवाय मोजणी सुरू करू नका. घरी जाताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तिथे मराठीत बोलता येतं. घरात फेनोबार्बिटॉनसारख्या गोळ्यांचा मोठा साठा असेल तर तो नातेवाइकाच्या ताब्यात ठेवायला सांगा.

समाजसेवा_विभाग

आकडा आल्यावर पुढचं: फिटची काळजी जास्त, टाळणं जास्त, जीएडी कमी, अशा रुग्णाला बहुतेक वेळा आधी माहिती हवी असते. फिटमध्ये जीभ गिळली जात नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं, पाच मिनिटांहून जास्त चालली तर रुग्णवाहिका. मृत्यूची भीती विचारली तर टाळू नका. अपस्मारातल्या अचानक मृत्यूचं प्रमाण प्रौढांत वर्षाला साधारण हजारात एक आहे, मोठ्या फिट आटोक्यात नसतील तर धोका वाढतो आणि गोळ्या न चुकवणं हा तो कमी करण्याचा हातातला उपाय आहे. रुग्णाच्या डोक्यातला आकडा बहुधा याहून पुष्कळ मोठा असतो.

माहिती देऊनही टाळणं तसंच राहिलं तर वर्तन-विचार उपचार, त्यात टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने परत सुरू करायच्या: आधी सोबत कुणीतरी, मग शंभर पावलं मागे, मग फोनवर. जीएडीही जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. चिंता-नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधं अपस्मारात सहसा देता येतात. नैराश्यावरच्याच बुप्रोपिऑन आणि क्लोमिप्रामिन यांनी फिटचा धोका वाढतो, म्हणून चिठ्ठीवर अपस्मार ठळक लिहा.

निवासी_डॉक्टर

शेवटचं विचारतो. दोन वर्षं फिट नाहीत आणि गोळ्या कमी करायच्या आहेत, अशा रुग्णांची मोजणी करावी का? त्यांना भीती नसणार असं धरून चालतात.

मनोमापन

जरूर करा, आणि तीनदा करा: कमी करण्याचा निर्णय सांगण्याच्या आधीच्या भेटीत, कमी करायला सुरुवात झाल्यावर महिनाभराने, आणि पूर्ण बंद झाल्यावर तीन महिन्यांनी. निर्णय सांगितल्यानंतर पहिली मोजणी केली तर तुलनेला पाया राहत नाही. या गटात क्वॉलीचे ५ प्रश्न जीएडीपेक्षा जास्त बोलके ठरतात. काळजी वाढत असेल तर कमी करण्याचा वेग अर्धा करता येतो. काही रुग्ण भीतीपोटी बंद केलेली गोळी स्वतःहून गुपचूप चालू ठेवतात, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीला 'घरी किती गोळ्या उरल्या आहेत' हा प्रश्न जोडा आणि पाकीट सोबत आणायला सांगा.